जलरंग घ्यावेत की पेन टॅबलेट?

चित्रकला मनापासून शिकायची ठरवली की पुण्यात पाय आपोआप चित्रसाहित्याची दुकानं असलेल्या अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. हल्ली मात्र घरातून निघण्याआधीच प्रश्न पडतो: रंग-कागद आणायचे की त्याच पैशांत पेन टॅबलेट, म्हणजे जिच्यावर पेनने काढलेलं स्क्रीनवर उमटतं ती पाटी? चित्र चांगलं कुठे होतं, हा खरा मुद्दा नाही, कारण दोन्हीकडे नजर तीच लागते. फरक आहे तो चूक झाली तर काय किंमत मोजावी लागते यात.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदाचाच पांढरा राखून ठेवतात. त्यामुळे ओंकारेश्वर मंदिराच्या शिखरावरचं ऊन कुठे ठेवायचं, हे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकण्याआधीच ठरवावं लागतं. एकदा झाकलं की गेलं. वर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की रंगाचा चिखल होतो. पुण्याची हवाही चित्रात भाग घेते: एप्रिलच्या दुपारी वॉश पसरायच्या आत वाळतो, जुलैत तोच बराच वेळ ओला राहतो. या सगळ्यातून आधी विचार करून मग हात टाकायची सवय लागते. ती दुसरीकडे इतक्या लवकर लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

टॅबलेटवर अनडू, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय आहे, आणि लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर आहेत. आकाश एका लेयरवर, वाडा दुसऱ्यावर. वाडा सरकवा, आकाश संध्याकाळचं करा, काही बिघडत नाही. कॉमिक्स, ॲनिमेशन, गेमसाठीची चित्रं यांत बदल सतत मागितले जातात, तिथे ही सोय म्हणजे कामाचा पायाच. ज्याला हेच करायचं आहे त्याने ‘आधी कागदावर काही वर्षं घालव’ हा सल्ला ऐकून थांबू नये. धोका एकच. झूम करून डोळ्याच्या पापण्या रंगवण्यात तास जातो आणि मूळ रचना फसलेली लक्षातच येत नाही. म्हणून चित्र अधूनमधून अगदी लहान करून बघावं.

रंगांचं गणितही वेगळं आहे. पॅलेटवर पिवळा आणि निळा मिसळला की हिरवा होतो. स्क्रीनवरचा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा समप्रमाणात मिसळले तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये राखाडी येतो, कारण तिथे दोन्ही रंगांच्या प्रकाशाची सरासरी निघते. शिवाय स्क्रीनवरचे झळाळते निळे-हिरवे छपाईत फिके पडतात. छापायचं चित्र सुरुवातीलाच मोठं घ्यावं: 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ए-3 म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेल. लहान फाइल नंतर ताणली की कडा फुटतात.

खर्चाचं बोलायचं तर बिनस्क्रीनचा टॅबलेट साधारण चार-पाच हजारांत येतो आणि क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपला एकदाच पैसे पडतात, पण ते आयपॅडवरच चालतं, म्हणजे खर्च आयपॅडचा धरायचा. जलरंगांचा विद्यार्थ्यांसाठीचा संच काही शेकड्यांत मिळतो, पैसे जातात ते कागदात. रंग साधे चालतील, ब्रश दोनच असू द्या, पण कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

घरात शाळकरी मूल असेल तर निर्णय सोपा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा कागदावरच होतात. पुढे अभिनव कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला जायचं तर प्रवेश परीक्षेतलं वस्तुचित्र आणि स्मरणचित्रही हातानेच काढावं लागतं. त्यामुळे तिथे कागद आधी, टॅबलेट नंतर.

हिंजवडीहून रात्री उशिरा घरी पोचणाऱ्याला मी उलट सांगेन. पाणी भरा, कागद ताणा, ब्रश धुवा, यातच उत्साह संपतो. टॅबलेट उघडला की लगेच काम सुरू होतं, आणि रोज थोडं काढणं फार मोलाचं आहे. रविवारी सकाळी मात्र स्केचबुक घेऊन महात्मा फुले मंडईत जा. ती अष्टकोनी इमारत, भाजीचे ढीग, हलणारी माणसं फोटोवरून काढताना जी कसरत टळते, ती तिथे टळत नाही.

शेवटी हातात काय उरतं, हेही बघा. जलरंगाचं मूळ चित्र एकच असतं. बालगंधर्व कलादालनात जवळ जाऊन पाहिलं की कागदाचा खरखरीतपणा आणि रंगाचा थांबलेला काठ दिसतो. ते एकदाच विकलं जातं आणि उन्हापासून जपावं लागतं. डिजिटल चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघतात, पण फाइल किमान दोन जागी साठवायलाच हवी.

टॅबलेट ठरलाच तर पेन बॅटरीशिवाय चालणारा घ्या आणि काढायची जागा पोस्टकार्डापेक्षा बरीच मोठी असू द्या. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, हे सुरुवातीला फार विचित्र वाटतं. सवय व्हायला काही आठवडे जातात, तेवढ्यात तो विकायला काढू नका.