आरटीएक्स 4060 : अकोल्याच्या मे महिन्यात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ग्राफिक्स कार्ड घेताना पोरं आधी फ्रेम (सेकंदाला किती चित्रं) विचारतात, मग किंमत, वॅट कोणीच विचारत नाही. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. अकोल्यात मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात, माझ्या खोलीत एसी नाही, खिडकीला डेझर्ट कूलर आहे पण कॅबिनेट त्याच्या तोंडासमोर ठेवता येत नाही कारण तुषार उडतात. अशा खोलीत दुपारी गेम खेळता येईल असं कार्ड हवं होतं. घेतलं एनव्हिडियाचं आरटीएक्स 4060, दोन फॅनवालं साधं मॉडेल. मित्राकडे एएमडीचं आरएक्स 6700 एक्सटी आहे त्यामुळे तुलना रोजचीच.

4060 ची पॉवर 115 वॅट, 6700 एक्सटीची 230. बरोब्बर दुप्पट. जुनं 3060 पण 170 खायचं आणि 4060 त्याच्यापेक्षा फास्ट आहे. 30 सिरीजच्या चिप सॅमसंगच्या 8 नॅनोमीटरवर बनायच्या, 40 ची सिरीज टीएसएमसीकडे गेली, वर 24 एमबी एल2 कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) दिली त्यामुळे मेमरीकडे सारखं धावायला लागत नाही, तिथे ही बचत झालीय. आता खरं बोलायचं तर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) बंद ठेवून नुसत्या फ्रेम मोजल्या तर 6700 एक्सटी पुढेच राहतं, 1440पी ला (1080पी पेक्षा मोठं रिझोल्यूशन) जास्तच, आणि त्याला मेमरी 12 जीबी. मित्र हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो.

पण त्याच्या खोलीत जाऊन बसा ना भौ दुपारी. गंमत अशी की त्याचं कार्ड तीन फॅनचं, जाड हीटसिंकवालं, सॉफ्टवेअरमध्ये टेंपरेचर माझ्यापेक्षा कमी दिसतं आणि तो म्हणतो बघ माझं कार्ड थंड आहे. अरे थंड चिप आहे, खोली नाही! कार्ड जेवढी वीज खातं तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीतच येते, कार्डावरचा कूलर कितीही भारी असला तरी तो फक्त ती चिपवरून उचलून बाहेर फेकतो. 230 वॅट म्हणजे जुने पिवळे 100 चे दोन बल्ब आणि वर थोडं, टेबलाखाली, तासन्‌तास. त्यामुळे रिव्ह्यू बघताना डिग्री बघू नका, वॅट बघा. डिग्री कूलरबद्दल सांगते, तुम्हाला घाम किती येणार ते वॅट सांगतो.

आणि त्या डिग्रीतही एक लोचा आहे. परदेशातले रिव्ह्यू साधारण 21-22 डिग्रीच्या खोलीत होतात. खोली पंधरा डिग्रीने गरम असेल तर कार्डही तितकंच वर चढतं असं धरून चाला. व्हिडिओत 63-64 दिसणारं कार्ड माझ्याकडे मे मध्ये 78 ला पोचतं. 4060 ची लिमिट 90 आहे त्यामुळे अडत नाही, पण फॅन बोंबलतात. जे कार्ड तिकडच्या व्हिडिओतच 75 दाखवतं ते विदर्भात घेताना दोनदा विचार करा.

वीजबिलाचं लोक उगाच मोठं करतात. हिशोब सोपा आहे, फरक 115 वॅटचा, रोज चार तास गेमिंग धरलं तर महिन्याला 14 युनिट, 12 रुपये धरले तर 165-170 रुपये. एवढ्यासाठी कोणी कार्ड बदलत नाही. हां, महावितरणच्या स्लॅबच्या काठावर असाल, म्हणजे 100 च्या किंवा 300 च्या आसपास, तर वरचे युनिट महाग पडतात, आणि एसी असेल तर कार्डाची गरमी बाहेर काढायला एसी पण जास्त चालतो. तरी बिल हे दुय्यमच.

त्यापेक्षा यूपीएस बघा! हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे घरोघरी 600 व्हीए वाला यूपीएस असतो, तो साधारण 360 वॅटचा. माझं अख्खं मशीन मॉनिटरसकट गेममध्ये सव्वादोनशे-अडीचशेत बसतं त्यामुळे लाईट गेली तर गेम सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो. मित्राचा यूपीएस लाईट जाताच टीं करून झोपतो, सोबत पीसी पण. म्हणजे 230 चं कार्ड घ्यायचं तर मोठा यूपीएस, बऱ्यापैकी पॉवर सप्लाय, हवेशीर कॅबिनेट हे पण बजेटमध्ये धरा, मग ते "स्वस्तात जास्त फ्रेम" तेवढं स्वस्त राहत नाही.

आता 4060 चं दुखणं. मेमरी 8 जीबी. 1080पी ला टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर टाकलं की नवीन मोठ्या गेममध्ये मेमरी भरते आणि मग अॅव्हरेज फ्रेम छान दिसतात पण मध्येच झटके बसतात. टेक्स्चर हायवर आणलं की जातात. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) चालू केलं तर तेही मेमरी खातं, म्हणजे जिथे गरज तिथेच अडचण. दुसरं म्हणजे कार्ड मदरबोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआयईच्या आठच लेन वापरतं, बी450 किंवा एच310 सारख्या जुन्या 3.0 बोर्डावर लावलं तर थोडा परफॉर्मन्स जातो आणि मेमरी भरली की तो फरक जास्त जाणवतो.

आधीच जास्त वॅटचं कार्ड असेल तर विकायच्या आधी हे करा. पहिलं, मॉनिटर 75 हर्ट्झचा असेल तर फ्रेम 75 ला लॉक करा, 140 फ्रेम काढून दाखवायच्या कोणाला? हलक्या गेममध्ये नुसत्या लॉकने माझं कार्ड 60-70 वॅटवर येतं. दुसरं, अंडरव्होल्ट, म्हणजे चिपचं व्होल्टेज कमी करणं. व्होल्टेज वाढलं की पॉवर त्याच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने वाढते, आणि कंपन्या शेवटच्या दोन-चार टक्के स्पीडसाठी व्होल्टेज चढवून ठेवतात, ते काढून घेतलं तर फ्रेममध्ये फारसा फरक कळत नाही. आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज-स्पीडचा कर्व्ह उघडून मी 950 मिलिव्होल्टला 2550 मेगाहर्ट्झ लावलंय, 90-95 वॅटमध्ये काम होतं. प्रत्येक चिप वेगळी, तुमची एवढ्यावर क्रॅश झाली तर थोडं वाढवा. कर्व्हचा कंटाळा असेल तर नुसता पॉवर लिमिटचा स्लायडर 80 वर ओढा आणि झोपा.

आज नवीन घेणाऱ्याला मी 4060 सांगणार नाही, सेकंडहँड चांगल्या भावात मिळालं तर गोष्ट वेगळी. नवीनमध्ये 5060 आलंय 145 वॅटचं पण परत तेच 8 जीबी, 5060 टीआय 16 जीबी 180 वॅट, आणि आरएक्स 9060 एक्सटी 16 जीबी 160 वॅट. यात गरम गावासाठी मला 9060 एक्सटीचं 16 जीबीवालं पटतं, 4060 पेक्षा 45 वॅट जास्त आणि मेमरी दुप्पट. फक्त 8 आणि 16 दोन्ही एकाच नावाने विकतात तेव्हा बिलावर 16 जीबी लिहून घ्या. आणि घरी 600 व्हीए चाच यूपीएस असेल तर प्रोसेसर 65 वॅटवाला ठेवा म्हणजे त्यात बसून जाईल.