घराजवळची पाखरे आणि निकॉन कूलपिक्स पी९५०

निकॉन कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलेला कूलपिक्स पी९५० हा कॅमेरा मी परभणीच्या आसपासच्या शिवारात, जुन्या विहिरींच्या काठावर आणि येलदरीच्या जलाशयावर बराच काळ वापरला आहे. दूरच्या अभयारण्यांपेक्षा आपल्या गावाभोवतीची पाखरे नीट पाहण्याची आणि त्यांची छायाचित्रे घेण्याची ज्यांना ओढ आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नाही. जी एक बसवलेली आहे ती ३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने २४ पासून २००० मिलिमीटरच्या तोडीचा आवाका, म्हणजेच ८३ पट ऑप्टिकल झूम देते. बॅटरी आणि कार्ड धरून वजन साधारण एक किलो भरते.

या लांब पल्ल्याचे खरे मोल अंतर राखण्यात आहे. शिवारातल्या पाखरांना ट्रॅक्टर, बैलगाडी, खुरपणी करणाऱ्या बाया यांची सवय असते. पण चालता चालता थांबून आपल्याकडेच टक लावणारा माणूस त्यांना खपत नाही. विजेच्या तारेवरचा नीलकंठ अशा वेळी लगेच पुढच्या खांबावर जातो, आणि आपण मागे लागलो तर त्याहीपुढे. पी९५० हाती असला की बांध ओलांडावा लागत नाही. विहिरीच्या दगडी कपारीत बसलेला पिंगळा पलीकडच्या काठावरून टिपला, तर कपाळावरचे बारीक पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया आणि पिवळ्या बुबुळांभोवतीची गडद कड एवढे सारे पडद्यावर स्वच्छ उमटते. आपल्यामुळे त्याची बैठक मोडलेली नसते, ही गोष्ट मला छायाचित्राइतकीच मोलाची वाटते. टिटवी तर उघड्या मुरमावर खड्यांच्या रंगाची अंडी घालते आणि माणूस जवळ आला की ओरडत उठते. मग अंडी उन्हात उघडी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते, हे हातात कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

मात्र २००० मिलिमीटर हा आकडा पाहून मराठवाड्यातल्या वाचकाने हुरळून जाऊ नये, कारण आपल्याकडे या लेन्सचा मुख्य शत्रू ऊन आहे. मार्च लागला की सकाळी नऊच्या सुमारासच काळ्या रानातून झळा उठू लागतात. जमिनीलगतची तापलेली आणि वरची त्यामानाने थंड हवा प्रकाशाला वेगवेगळे वळवते, त्यामुळे दूरच्या काळविटाच्या शिंगांचे पीळ वितळल्यासारखे दिसतात आणि पिसांच्या कडा फिसकटतात. कॅमेऱ्यातली कंपनरोधक यंत्रणा उत्तम आहे. हातात धरूनही पूर्ण झूमवर चित्र स्थिर राहते. पण ती हाताची थरथर आवरते, हवेची नाही. नांगरलेल्या रानावरून नेम धरण्याचे टाळणे, सूर्य वर येण्याआधीचा वेळ साधणे आणि झूम ताणण्याऐवजी जवळच्या झाडावरचा पक्षी निवडणे, एवढेच आपल्या हाती उरते. महागातली महाग लेन्सही या बाबतीत वेगळे काही करू शकणार नाही.

दुसरी मर्यादा सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, आकाराची आहे. १/२.३ इंचाचा, १६ मेगापिक्सेलचा हा सेन्सर चांगल्या मोबाइलच्या मुख्य सेन्सरपेक्षाही लहान आहे, आणि झूम पूर्ण ताणल्यावर लेन्सचे छिद्र एफ/६.५ पर्यंतच उघडते, म्हणजे आत प्रकाश कमी येतो. दाट चिंचेखालचा सुभग पक्षी किंवा दिवेलागणीचा पिंगळा टिपताना आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागतो, आणि मग पिसांचा पोत जाऊन रवाळपणा येतो. निकॉनच्याच २०१५ च्या पी९०० मध्ये नसलेली रॉ स्वरूपाची, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती प्रक्रिया न करता साठवण्याची, सोय यात दिली आहे, तिचा उपयोग अशा वेळी होतो. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र हा कॅमेरा घेऊ नये. सेकंदाला सात या वेगाने दहा चित्रे निघतात, मग कार्डावर नोंद होईपर्यंत थांबावे लागते. तोवर कापशी घार हवेत थबकून, खाली झेपावून उंदीर घेऊन गेलेली असते.

बसलेल्या पक्ष्याबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्ण झूमवर सुमारे पाच मीटरच्या आतले काही फोकस होत नाही, म्हणून अंगणातल्या जास्वंदीवर आलेल्या शिंजीरासाठी झूम कमी करावाच लागतो. पक्षी चौकटीतून निसटला तर लेन्सच्या बाजूचे एक बटण दाबून धरताच दृश्य क्षणभर रुंद होते, आणि सोडताच झूम पूर्वीच्या जागी येतो. पानांच्या गर्दीत चिमुकला शिंपी पक्षी शोधताना ही सोय इतकी उपयोगी पडते की दृश्यशोधकाला डोळा लावूनच ठेवता येतो.

हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात. धान्यापायी शेतकरी त्यांना गोफणीने हाकलत असतो, म्हणून आधी त्याची परवानगी घ्यावी आणि कडेच्या बाभळीवर ते विसावण्याची वाट पाहावी. गुलाबी पाठ आणि काळे डोके असलेला प्रौढ पक्षी व मातकट पिल्लू शेजारी बसलेले एकाच चौकटीत मिळतात, आणि पुढे घरी बसून वयातला फरक अभ्यासता येतो. येलदरीवर किंवा नाथसागरावर बदके काठापासून फार लांब असतात. तिथे चित्र प्रदर्शनात लावण्याजोगे येत नाही, पण पट्टकादंब हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे किंवा थापट्या बदकाची पसरट चोच ओळखण्याइतके हमखास येते. नोंद ठेवणाऱ्याला ते पुरेसे आहे.

कंपनीच्या मोजणीनुसार एका बॅटरीवर साधारण २९० चित्रे निघतात, म्हणून जादा बॅटरी कॅमेऱ्यासोबतच घ्यावी. भिंतीवर मोठी चित्रे लावायची असतील, तर हे पैसे राखून बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यासाठी साठवावेत. लेन्सवर ६७ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. खळ्यावर मळणी सुरू असताना फुफाटा थेट काचेवर बसू नये म्हणून तोही पहिल्याच दिवशी लावून घ्यावा.