स्पार्टाकची 90 टक्के कडू चॉकलेट वडी, गोमेल

साखर कारखान्यात 31 गाळप हंगाम शिफ्ट केमिस्ट होतो, त्यामुळे गोड वस्तू तोंडात गेली की जीभ आधी दाणा शोधते. 2019 मध्ये लेकीला भेटायला बेलारूसला गेलो होतो. ती गोमेलला एमबीबीएस करत होती. तिने ‘स्पार्टाक’ या चॉकलेट कारखान्याच्या स्वतःच्या दुकानात नेलं. अशा दुकानाला तिकडे ‘फिरमेन्नी मगाझिन’ म्हणतात. कारखान्यातली शिफ्टची पाळी सुटलेल्या कामगार बायका तिथेच पिशव्या भरून घेत होत्या.

मी 90 टक्के कोकोची वडी घेतली. चांदी सोलून तुकडा मोडला, तर कट् असा कोरडा आवाज. कडा स्वच्छ, भुगा नाही. आधी मेथीदाण्यासारखा कडूपणा, मग विरघळताना कॉफीच्या भाजक्या बियांचा वास. दाणा कुठेच लागला नाही, इतकं बारीक दळण. आमच्या हिला, म्हणजे बायकोला, ती नुसती आवडली नाही. गुळाच्या खड्याबरोबर मात्र तिने अर्धी वडी संपवली.

कारखाना 1924 चा. सोव्हिएत संघ गेल्यावर तो भागभांडवली कंपनी झाला, खासगी भागधारक आले. 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांच्या सरकारने नव्वदच्या दशकातला तो खासगीकरणाचा हिशेबच चुकीचा ठरवला आणि ‘स्पार्टाक’ व मिन्स्कचा ‘कोम्मुनार्का’, दोन्हींत सरकारचा वाटा बहुमताचा करून घेतला. हे मला पटत नाही. आमच्याकडे साखर कारखान्याचे शेअर घ्यायला लोकांनी बैल विकले होते. वीस वर्षांनी कुणी येऊन ‘तुमचा हिशेब चुकला’ म्हणालं असतं तर?

पण आमचा कारखाना आधी आजारी पडला, मग लिलावात गेला. साखर शिजवायच्या ज्या पॅनवर मी उभं आयुष्य काढलं ते भंगाराच्या भावात गेले. गोमेलची पाळी मात्र सुटत होती, भरत होती. त्या बायकांकडे बघताना घसा दाटून आला.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने कमी टक्क्यांच्या वडीपासून सुरुवात करावी. परतताना मी सहा वड्या स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवल्या, एकही वितळली नाही. एक आमच्या जुन्या पॅनमनला दिली. तिकडची साखर बीटाची, स्लुत्स्क, गरदेया, झाबिन्का, स्किदेल असे तिचे चार कारखाने आहेत, हे सांगितलं. तो तुकडा तोंडात घोळवत राहिला आणि म्हणाला, “साहेब, बीटाला साखरेचा उतारा किती पडतो?”