महापेतील भाड्याचा सर्व्हर: कर्नलची चाचणी घेणाऱ्याच्या नजरेतून

महापे एमआयडीसीतील एका डेटा सेंटरमधून भाड्याने घेतलेल्या डेडिकेटेड सर्व्हरचे हे परीक्षण एकाच निकषावर केले आहे: ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या कार्यालयात बसून त्या यंत्रावर बदललेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) चढवला आणि तो सुरूच झाला नाही, तर तिथे न जाता जुन्या कर्नलवर परत येता येते का? वेग, बँडविड्थ आणि वीजपुरवठा यांबाबत आमची तक्रार नाही.

आमचे काम नेटवर्क ड्रायव्हरचे, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या कर्नलमधल्या भागाचे आहे. पहिली चाचणी अर्थातच व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी यंत्रात होते. पण खऱ्या कार्डाचे फर्मवेअर (कार्डातच बसवलेले सॉफ्टवेअर) कसे वागते हे तिथे दिसत नाही, म्हणून शेवटी प्रत्यक्ष यंत्रावर यावेच लागते. अडचण अशी की, ज्या कार्डातून आपण एसएसएचने (नेटवर्कवरून दुरून लॉगिन करून) आत शिरतो, त्याच कार्डाचा ड्रायव्हर आपण बदललेला असतो.

त्यामुळे या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटली ती आयपीएमआयची सोय. मदरबोर्डवरचा हा स्वतंत्र नियंत्रक मुख्य ऑपरेटिंग सिस्टीम कोलमडली तरी चालू राहतो, यंत्र बंद-चालू करू देतो आणि सिरियल कन्सोल, म्हणजे यंत्र सिरियल पोर्टवर पाठवते तो मजकूर, नेटवर्कवरून आपल्यापर्यंत पोहोचवतो. ग्रब (कर्नल निवडून सुरू करणारा प्रोग्राम) आणि कर्नल या दोघांनाही सिरियल पोर्ट वापरायला सांगितले की बूट मेनूपासून पॅनिकच्या (कर्नल न सावरता येण्याजोगा कोलमडतो त्याच्या) शेवटच्या ओळीपर्यंत सगळा मजकूर जपून ठेवता येतो. चित्ररूप कन्सोलवर मात्र पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी उरतात आणि नेमके कारण वर सरकून गेलेले असते. ही सोय फक्त व्हीपीएनमधून (खासगी, सुरक्षित जोडणीतून) मिळते, हेही योग्यच आहे, कारण आयपीएमआय उघड्या इंटरनेटवर ठेवणे अत्यंत धोक्याचे असते.

गंभीर उणीव आहे ती मूळ मांडणीत. कंपनी सर्व्हर देते तो दोन डिस्कच्या सॉफ्टवेअर रेडवर (अनेक डिस्क सॉफ्टवेअरने एकत्र जोडण्याची पद्धत), आणि कर्नल व ग्रबच्या फाइली ठेवणारा बूट विभागही त्याच रेडमध्ये असतो. नवा कर्नल एकदाच चालवून पाहण्यासाठी ग्रब-रीबूट ही आज्ञा वापरतात: पुढच्या बूटला नवा कर्नल, त्यानंतर आपोआप जुना. त्यासाठी ग्रबला बूट होतानाच ती नोंद पुसावी लागते, आणि रेड किंवा एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचिकपणे विभागणारी लिनक्समधली व्यवस्था) ग्रब वाचू शकतो पण लिहू शकत नाही. नोंद तशीच राहते आणि प्रत्येक रीबूटला तोच बिघडलेला कर्नल पुन्हा उभा राहतो. रेड नसलेला छोटा, वेगळा बूट विभाग आम्ही मागितला तेव्हा तो मिळाला, पण तो का हवा हे मदत कक्षाला बरेच समजावून सांगावे लागले. अशा ग्राहकांसाठी ही मांडणी पर्याय म्हणून आधीच उपलब्ध असायला हवी.

बाकीची काळजी ग्राहकाने स्वतःच घ्यायची असते. पॅनिकनंतर कर्नल सहसा जागीच थांबून राहतो; बूट पॅरामीटरमध्ये ‘पॅनिक=१०’ दिले तर तो १० सेकंदांनी स्वतःहून रीबूट होतो. ऊप्सलाही (ज्यातून कर्नल कधी कधी पुढे चालू राहतो अशा चुकीलाही) पॅनिक मानायचे असेल तर तशी वेगळी सूचना द्यावी लागते. यंत्र पॅनिक न होता नुसतेच गोठले, तर हार्डवेअर वॉचडॉग (ठरावीक वेळात प्रतिसाद न मिळाल्यास यंत्र रीबूट करणारा घड्याळवजा भाग) कामी येतो, आणि तो या सर्व्हरवर नीट चालतो. ड्रायव्हरच्या कामात सर्वांत फसवा प्रकार याहून वेगळा आहे: कर्नल उत्तम सुरू होतो, पॅनिक नाही, गोठणे नाही, फक्त नेटवर्क नसते. त्यासाठी बूट होताच १० मिनिटांनंतरचा रीबूट आम्ही लावून ठेवतो. आत शिरता आले तर तो रद्द करायचा, नाही तर यंत्र आपोआप जुन्या कर्नलवर परत येते.

सेवेबद्दल आणखी एक तक्रार आहे. कन्सोलचे लॉगिन दर वेळी तिकीट टाकून मागावे लागते आणि रात्री उत्तर उशिरा येते, जेव्हा अशा चाचण्या प्रामुख्याने केल्या जातात. नुसती वेबसाइट चालवणाऱ्याला याने काही फरक पडणार नाही. कर्नलवर काम करणाऱ्यांनी मात्र पैसे भरण्यापूर्वी कन्सोलचे कायमस्वरूपी लॉगिन आणि वेगळा बूट विभाग या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात; त्या मिळत असतील तर ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन.