एनएच३५ मशीन : नागपुरातून छोटा घड्याळ ब्रँड चालवणाऱ्याच्या नजरेतून

ऑटोमॅटिक घड्याळांचा छोटा ब्रँड काढायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी सीकोच्या एनएच३५ या तयार मशीनवर, म्हणजे काटे फिरवणाऱ्या आतल्या यंत्रणेवर, येऊन थांबते. निवड चूक नाही, पण कारण भलतंच सांगितलं जातं. 'जपानी मशीन' म्हणून जाहिरातीत मिरवावं असं यात फार काही नाही. सीकोच्या स्वतःच्या घड्याळांत हेच मशीन ४आर३५ या नावाने येतं आणि ते साधं, कामाचं मशीन आहे. ते घ्यायचं ते वेगळ्या हिशेबाने: दोन-तीन वर्षांनी घड्याळ परत आलं तर ते गावातच, एका बैठकीत चालू करता यावं म्हणून.

आधी कागदावरचं. २४ ज्वेल (चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले खडे), तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला ६. पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चाल. शुक्रवारी रात्री ९ ला काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारी २ च्या आसपास थांबणार, आणि सोमवारी सकाळी तक्रारीचा फोन येणार. हे वॉरंटी कार्डावर आधीच छापलेलं बरं. हाताने चावी भरता येते, चावी ओढली की सेकंद काटा थांबतो, आणि सीकोच्या १९५९ पासूनच्या मॅजिक लिव्हरमुळे रोटर (मनगट हललं की फिरणारं वजन) दोन्ही दिशांना फिरताना स्प्रिंग भरतो. स्पर्धक मियोटा ८२१५ मशीनचा रोटर एकाच दिशेने भरतो आणि उलट फिरताना त्याची घरघर ऐकू येते. गिऱ्हाईक ती हमखास 'काहीतरी सुटलंय' असं समजतं.

अचूकतेबाबत कंपनी स्वतः दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढंच कबूल करते. अधिक ४० म्हणजे महिन्याला २० मिनिटं. खोक्यातून काढलेलं मशीन तसंच केसमध्ये बसवून विकणारे ब्रँड आहेत, आणि पुढे नाव खराब होतं ते मशीनचं. खरं तर प्रत्येक नगाला अर्धा तास दिला की चित्र बदलतं. चावीचे ५०-५५ वळसे देऊन स्प्रिंग पूर्ण भरा, टाइमग्राफरवर (ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) लिफ्ट अँगल, म्हणजे मशीनच्या प्रकारानुसार भरायचा कोन, ५३ अंश ठेवा. अनेक यंत्रं मुळात ५२ वर लावलेली असतात. तसंच ठेवलं तर अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, चुकीचा दिसतो. आधी बीट एरर, म्हणजे 'टिक' आणि 'टॉक' यांच्या अंतरातला फरक, ०.५ मिलिसेकंदाच्या आत आणायचा, मगच वेग. क्रम उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं, कारण बीट एररचा दांडा हलवला की वेगही हलतो. दांडा लाकडी टोकाने, दिसेल न दिसेल इतकाच सरकवायचा. इथे चिमटा निसटला की हेअरस्प्रिंग (बॅलन्स चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) गेली, आणि त्या मशीनचा उपयोग सुटे भाग काढण्यापुरताच उरतो.

डायलची बाजू वर ठेवून दिवसाला अधिक ५ ते ८ सेकंदांवर आणा आणि २४ तासांनी, स्प्रिंग अर्धी उतरल्यावर, पुन्हा मोजा. उभ्या-आडव्या स्थितींत २०-२५ सेकंदांचा फरक राहील. या किमतीच्या मशीनकडून त्याहून जास्त मागू नये. तो फरक ४० च्या वर दिसला तर दांड्याशी खेळत बसू नका. मशीन बाजूला ठेवा, पुरवठादाराला परत द्या.

बसवताना सगळ्यात जास्त नुकसान काट्यांत होतं. एनएच३५ ला तास काट्याचं भोक १.५० मिमी, मिनिट काट्याचं ०.९० आणि सेकंद काट्याचं ०.२० लागतं. मियोटाचा मिनिट काटा १.०० मिमीचा असतो. तो इथे बसल्यासारखा वाटतो आणि कुरिअरच्या पहिल्या दणक्यात सुटून काचेखाली फिरत राहतो. डायल २८.५ मिमीची चालते, पण तिचे पाय (मशीनमध्ये अडकणाऱ्या मागच्या खुंट्या) कुठे आहेत ते ऑर्डर देण्यापूर्वी बघा: चावी ३ वाजता आणि चावी ४ च्या जवळ, या दोन प्रकारांच्या डायलचे पाय वेगळ्या जागी असतात. चुकीचे आलेले पाय कापून डायल चिकटवण्याचा उपाय बरेच जण सांगतात. शंभर नगांच्या धंद्यात तो करू नये. पुढच्या दुरुस्तीवाल्याच्या शिव्या ब्रँडलाच बसतात. काटे लावण्याआधी चावी फिरवून तारीख उडते तो क्षण गाठायचा, तिथेच तास आणि मिनिट काटा १२ वर दाबायचे. नाहीतर तारीख पावणेबाराला बदलते आणि घड्याळ परत येतं.

चावीचा दांडा काढताना एक सवय हवी. चावी आत असतानाच मशीनवरचा दांडा सोडवायचा खळगा हलका दाबून दांडा ओढायचा. वेळ लावायच्या स्थितीत ओढला तर आतला क्लच जागचा हलू शकतो, मग दांडा परत बसतो पण चावी भरतच नाही, आणि डायल-काटे उतरवून सगळं उघडावं लागतं. दांड्याचे आटे ०.९० मिमीचे. कापताना थोडा लांब ठेवून कानशीने उतरवत आणायचा, कारण आखूड झालेला दांडा फेकूनच द्यावा लागतो. चावी स्क्रूची असेल तर माप ती पूर्ण आवळून घ्यायचं.

आता नागपूरचं. सीको अचूकतेचे आकडे ५ ते ३५ अंश तापमानासाठी देते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, इथल्या बंद खोलीचा पारा त्याच्या वर असतो, त्यामुळे टाइमग्राफरचं काम त्या दिवसांत एसीशिवाय करण्यात अर्थ नाही. पण त्याहून मोठा शत्रू कूलर आहे. कूलरच्या ओल्या हवेत केस बंद केली की ती दमट हवा आतच अडकते. मग गिऱ्हाईक उन्हातून थंडगार एसी दुकानात शिरलं की काचेला आतून वाफ धरते, आणि 'वॉटर रेझिस्टंट' छापलेलं असूनही पाणी शिरलं असाच समज होतो. शिवाय कूलरच्या वुडवूलचे तंतू डायलवर बसतात ते वेगळंच. केस एसीच्या कोरड्या खोलीत, कूलर बंद ठेवून बंद करायची आणि मशीन-डायल त्याआधी सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचे.

तपासणी सोपी आहे. कोरड्या हवेची प्रेशर टेस्ट रिकाम्या केसवर, घड्याळाचं मशीन आत घालण्याआधी करा, म्हणजे गळती सापडली तरी मशीन वाचतं. शेवटी पूर्ण घड्याळ ४० ते ४५ अंशांवर गरम करून काचेवर साध्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवायचा, पुसायचा आणि आतून धुकं दिसतं का ते बघायचं. दिसलं तर उघडा, वाळवा, गॅस्केट बदला. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या घड्याळांची गॅस्केटं लवकर कडक होतात, म्हणून दरवेळी मागचं झाकण उघडलं की नवी रिंग.

मशीनच्या स्वतःच्या उणिवा दोन. पहिली जाडी. ५.३२ मिमीचं मशीन, त्यावर डायल, काटे आणि काच धरली की घड्याळ १२-१३ मिमीच्या खाली सहज येत नाही. सडपातळ घड्याळ हवं असेल तर ३.९ मिमीचं मियोटा ९०१५ घ्या. ते २८,८०० ठोक्यांचं आहे आणि बरंच महागही. पण नंतर बदलू म्हणून चालत नाही, कारण चावीची उंची वेगळी असल्याने एकाची केस दुसऱ्याला बसत नाही. दुसरी उणीव मशीनची कमी आणि ब्रँडवाल्यांची जास्त. बिनतारखेच्या डायलखाली एनएच३५ घातलं की चावी तारीख लावायच्या मधल्या टप्प्यावर थांबते आणि फिरवली तर काहीच होत नाही. यासाठी तारखेविना एनएच३८ मिळतं. चार पैसे वाचवायला हा आळस केलेला जाणकार गिऱ्हाईक पहिल्या मिनिटात ओळखतं.

इतवारी-सीताबर्डीत एचएमटी उघडून हात तयार झालेले कारागीर आहेत. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतल्यापासून ते जुन्या घड्याळांतले भाग काढून काम भागवतात. एनएच३५ च्या बाबतीत गणित उलटं पडतं. पूर्ण सफाई-तेलाची मजुरी नव्या मशीनच्या किमतीजवळ जाते, म्हणून सरळ मशीनच बदलायचं. दर १०० घड्याळांमागे पाच मशीन, दहा चावीचे दांडे आणि मूठभर गॅस्केट बाजूला ठेवल्याशिवाय पहिली विक्री सुरू करू नये. मशीन घेताना रोटरवरचा देश वाचा, जपान किंवा मलेशिया, पण नुसत्या छापावर विसंबू नका. नकला फिरतात. प्रत्येक लॉटमधले चार-पाच नग उघडून टाइमग्राफरवर घाला.

कागदपत्रांचं थोडक्यात: आयातीला डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालय) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागतो, त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. मशीन ९१०८, केस ९१११, पट्टे ९११३ या कस्टम्सच्या शीर्षकांखाली जातात. एकाच बिलात सगळं 'वॉच पार्ट्स' लिहून आणलं की माल अडकतो. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग १४ मध्ये नोंदवा. डब्यावर एमआरपी, महिना-वर्ष, पत्ता आणि ग्राहक-तक्रारीचा संपर्क हवाच.

तक्रार आली की झाकण उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं का? तसं असेल तर बहुतेक वेळा ते चुंबकाने झालेलं असतं, फोनचं मॅग्नेटवालं कव्हर किंवा स्पीकर. डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम. हळूहळू मागे पडत असेल तर अँप्लिट्यूड बघा आणि विक्रीच्या दिवशी कार्डावर लिहिलेल्या आकड्याशी ताडा. तो आकडा लिहिलेलाच नसेल तर वॉरंटीचा वाद कोणत्या बाजूने सोडवायचा हे सांगणं अवघड आहे.