जांबोटीच्या रस्त्याला पद्मिनी की ॲम्बॅसडर?

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याकडे मी दोन्ही गाड्या चालवत गेलोय. माझं मन पद्मिनीकडेच झुकतं.

ॲम्बॅसडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, पद्मिनीचं १०८९. घरचे सगळे आणि वर काजूचं पोतं घेऊन जायचं तर ॲम्बॅसडरच बरी. खड्ड्यातून गेली तरी मागे बसलेल्या आजीची डुलकी मोडत नाही.

पण वळणं सुरू झाली की पद्मिनीच! अंगानं हलकी, आटोपशीर. स्टिअरिंगलगतचा गिअर दुसऱ्यात टाकला की इंजिन काय म्हणतंय ते तळहाताला कळतं. क्लच नेमका कुठे पकडतो, हे माझ्या डाव्या पायाला पाठ आहे. पुढच्या दाराची तिकोनी काच फिरवली की झाडीतला ओला वारा थेट तोंडावर. (कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशी, मी हमखास थांबतो, तेवढ्यात इंजिनही निवतं.)

सुट्या भागांच्या बाबतीत ॲम्बॅसडर सरस, ती २०१४ पर्यंत बनत होती. पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी थांबली. तिचे भाग जुन्या मेकॅनिकांच्या खोक्यांत शोधावे लागतात. मी आनंदानं शोधतो.