फॉरमॅट मारायचा, दुरुस्ती करायची की नवी एसएसडी घ्यायची?

विंडोज अर्ध्यात अडकतं, निळी स्क्रीन येते, नाहीतर 'ऑटोमॅटिक रिपेअर' तासभर गोल फिरत बसतं. जळगाव-भुसावळकडच्या दुकानात अशा वेळी प्रश्न ठरलेला: "भाऊ, फॉरमॅट मारून देऊ?" हो म्हणण्याआधी एवढं बघा, की डिस्क बिघडलीय का तिच्यावरची फाइलींची नोंद. चालू कामात लाइट गेली की नोंद विस्कटते, आणि ती सुधारता येते. डिस्कच झिजली असेल तर मात्र दुरुस्तीच्या हट्टापायी उरलासुरला डेटाही हातचा जातो.

हे ओळखायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्राम पुरतो. मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. निळं 'गुड', पिवळं 'कॉशन', लाल 'बॅड'. हार्डडिस्क असेल तर 'रिअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी वाचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे). तिथे मधल्या रकान्यांत १०० किंवा २०० दिसलं म्हणून घाबरू नका, शेवटचा 'रॉ व्हॅल्यू' रकाना खरा. तो शून्य असेल तर बरं. पेंडिंगचा आकडा दिवसागणिक वाढत असेल तर ती डिस्क कामातून गेली समजा. तापमानही तिथेच दिसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि जिनिंगच्या ऑफिसात कॅबिनेटच्या पंख्यात कापसाची तूस अडकलेली असते, तेव्हा तो आकडा बघाच.

डिस्क ठणठणीत निघाली तर चेकडिस्क (chkdsk), म्हणजे विंडोजमधलीच डिस्क तपासायची कमांड. नुसतं चालवलं तर ते फक्त तपासतं, काही बदलत नाही. कमांडपुढे 'स्लॅश एफ' (/f) लावलं की नोंदी दुरुस्त करतं. पण विंडोज सी ड्राइव्हवरूनच चालू असतं, त्यामुळे ते काम पुढच्या रीस्टार्टवर ढकलतं आणि तसं विचारतं, वाय दाबायचं. विंडोज उघडतच नसेल तर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट करून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मध्ये जा आणि तिथल्या कमांड प्रॉम्प्टमधून हीच कमांड चालवा. तिथे सी चं नाव डी झालेलं असू शकतं, म्हणून आधी फोल्डर बघून खात्री करा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) मागेल. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

'स्लॅश आर' (/r) ही वेगळी भानगड. ते खराब सेक्टर शोधत अख्खी डिस्क वाचून काढतं. मोठ्या हार्डडिस्कला कित्येक तास लागतात, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो भार जीवघेणा ठरतो. शिवाय मध्येच लोडशेडिंग झालं की यूपीएसची जुनी बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. लॅपटॉपला तेवढी भीती नाही. डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल तर मी तरी हे चालवणार नाही.

रंग पिवळा किंवा लाल असेल तर चेकडिस्क विसरा. आधी नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आणा आणि जुनीवरून क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा. साध्या क्लोनिंगचे प्रोग्राम वाचता न येणाऱ्या सेक्टरपाशी अडतात. लिनक्समधलं डीडीरेस्क्यू असे सेक्टर बाजूला ठेवून आधी चांगला भाग उतरवून घेतं. दुकानदाराला हे माहीत आहे का, विचारून बघा. उत्तरावरून दुकान कळतं. दुरुस्ती करायचीच तर ती नंतर, क्लोनवर. डिस्क टकटक आवाज करत असेल तर हेही नको. वीज बंद करा आणि डेटा लाखमोलाचा असेल तर पुण्या-मुंबईच्या रिकव्हरी लॅबचा रस्ता धरा.

फॉरमॅट सगळ्यात स्वस्त आणि झटपट, म्हणूनच तो आधी सुचवतात. डिस्क चांगली आहे, बॅकअप आहे आणि विंडोज कचऱ्याने भरलंय, एवढं जुळलं तर खुशाल मारा. "डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे" या भरवशावर मात्र राहू नका. डेस्कटॉपवरच्या फाइली, डाउनलोड्स आणि बऱ्याचदा टॅलीचा डेटाही सी मध्येच असतो. रावेर-सावद्याच्या केळीच्या गाड्यांचा वर्षभराचा हिशोब त्यात असला तर बघायलाच नको.

मॅक असेल तर रिकव्हरीतून डिस्क युटिलिटीचं 'फर्स्ट एड' चालवा. इंटेल मॅकला सुरू करताना कमांड आणि आर, नव्या एम चिपवाल्यांना पॉवर बटण दाबून ठेवायचं. फर्स्ट एडने हात टेकले तर आधी डेटा काढा, मगच इरेज.

कुठलाही पर्याय घ्या, बदललेली जुनी डिस्क दुकानातून परत मागून आणा. महिनाभर कपाटात राहू द्या. राहून गेलेली एखादी फाइल तिच्यातच सापडते.